अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी फाइल काढली तरी परत येते: ती कुठल्या प्रोसेसने, कुठल्या रिक्वेस्टवर लिहिली हे कसं पकडायचं?

केळीचं_पान (रावेर)

उबुंटू २२.०४, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम ८.१ (पीएचपी चालवणारी सेवा), वर्डप्रेस. व्हीपीएसला ४ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क. साइट केळी व्यापाऱ्याची आहे. शेतकरी काट्याच्या पावतीचा फोटो चढवतात, व्यापारी रोजचा भाव टाकतो.

अपलोड्सच्या फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल सापडली. मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (वेब सर्व्हरचा युजर), तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीची. फाइल काढली, प्लगिन अपडेट केलं, पासवर्ड बदलले. दोन दिवसांनी त्याच नावाची फाइल परत हजर.

एआयडीई (फाइल्समधले बदल तपासणारं हत्यार) रोज पहाटे ३ ला चालतं, त्यात फाइल बदलल्याचं कळतं, कुणी बदलली ते नाही. ऑडिटडी (कोणत्या प्रोसेसने काय केलं याची नोंद ठेवणारी सेवा) आहे, त्यात सुरक्षेच्या एका तयार यादीतले नियम जसेच्या तसे टाकलेत. तरी ऑसर्चमध्ये (त्या नोंदी शोधायची कमांड) या फाइलबद्दल एक ओळ नाही. नियम चुकतोय की ऑडिटडीचं हे कामच नाही? आणि सगळं नोंदवायला लागलो तर डिस्क भरेल, तेही सांभाळायचंय.

तापीकाठ (धुळे)

ऑडिटडीचंच काम आहे भाऊ, नियम चुकतोय. तयार यादीतल्या बहुतेक नियमांच्या शेवटी दोन अटी असतात: एयूआयडी (मुळात लॉगिन कोण झालं त्याचा क्रमांक) १००० किंवा जास्त, आणि एयूआयडी ४२९४९६७२९५ नसावा. हा मोठा आकडा म्हणजे 'लॉगिन झालेलंच नाही'. एसएसएचने आत आलेल्या माणसाला एयूआयडी मिळतो आणि सुडो केलं तरी तो चिकटून राहतो. बूटच्या वेळी सिस्टमडीने उठवलेल्या एफपीएमला तो कधीच मिळत नाही. म्हणजे तुमचा नियम माणसांवर पहारा देतोय आणि सर्व्हरच्या प्रोसेसला शिस्तीत वगळतोय. या नियमांचा हेतूच तो आहे, पण घुसखोर वेब सर्व्हरमधून आला तर त्याची एकही हालचाल त्यात येत नाही.

वेगळी नियम-फाइल करा आणि तिच्यात एयूआयडीची अट ठेवूच नका. यूआयडी, म्हणजे प्रोसेस ज्या युजरची आहे त्याचा क्रमांक, तो धरा. डेबियन-उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ३३ असतो, रेड हॅट घराण्यात अपाची ४८. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका.)

-ए ऑलवेज,एक्झिट -एफ आर्च=बी६४ -एस एक्झेकव्हीई,एक्झेकव्हीईॲट -एफ यूआयडी=३३ -के वेब_एक्झेक

-ए ऑलवेज,एक्झिट -एफ आर्च=बी६४ -एफ डीआयआर=/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू -एफ पर्म=डब्ल्यूए -एफ यूआयडी=३३ -के वेब_राइट

पहिला नियम प्रोग्राम चालवणं पकडतो, दुसरा फाइल लिहिणं-बदलणं. दोन्ही नियम बी३२ लावून पुन्हा एकदा लिहा, नाहीतर ३२ बिटचा बायनरी त्यांच्या नजरेतून निसटतो.

यूआयडीच्या जागी ईयूआयडी (प्रोसेस त्या क्षणी ज्याच्या अधिकाराने चालतेय त्याचा क्रमांक) लिहायचा मोह होतो, तो टाळा. जानेवारी २०२२ च्या पीकेएक्झेकच्या भोकासारखं काही वापरून घुसखोराने सेटयूआयडी बायनरी (मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम) चालवला, तर त्या क्षणी ईयूआयडी ० होतो, यूआयडी ३३ च राहतो. ईयूआयडीवर बेतलेला नियम नेमका तिथेच आंधळा होतो.

तिसरा नियम मला सगळ्यात किमती वाटतो: नकार मिळालेले प्रयत्न. ओपनॲट, रीनेमॲट, अनलिंकॲट, एमकेडीआयआरॲट या सिसकॉल्सवर (प्रोसेसने कर्नलकडे केलेल्या मागण्या) यूआयडी ३३ आणि एक्झिट=-ईॲक्सेस ('परवानगी नाही'), तसाच दुसरा -ईपर्म साठी. नीट चाललेली साइट दिवसभरात असे प्रयत्न जवळजवळ करत नाही. आत शिरलेला माणूस मात्र शॅडो फाइल (पासवर्डची), दुसऱ्या ग्राहकाचं फोल्डर, रूटचं होम असं चाचपत फिरतो. कचरा कमी, कामाच्या ओळी जास्त.

ईटीसी-पासडब्ल्यूडीच्या वाचनावर नियम लावू नका. नावावरून यूआयडी काढायला प्रत्येक प्रोसेस ती फाइल उघडते.

डिस्कचं म्हणाल तर आत्ता उलटी अडचण आहे. ऑडिटडीचं मूळ सेटिंग ८ एमबीच्या ५ फाइल्स, म्हणजे एकूण ४० एमबी. गर्दीच्या दिवशी सकाळची नोंद संध्याकाळी पुसलेली असते. ५० एमबीच्या १० करा. अर्धा जीबी २५ मध्ये सहज मावतो. ऑडिटसीटीएल -एस मध्ये 'लॉस्ट'चा आकडा ० आहे ना ते पाहा. वाढत असेल तर -बी ८१९२ करा.

सातपुडा_पायथा (चोपडा)

नियम टाका, पण त्याआधी: फाइल काढू नका, आणि चोन -आर (फाइल्सचा मालक बदलणारी कमांड) तर अजिबात नको. साइट बिघडली की लोकांचा पहिला हात त्याच कमांडवर जातो.

दोन वर्षांपूर्वीची तारीख म्हणजे टच -आर ने शेजारच्या फाइलची एमटाइम (मजकूर बदलल्याची वेळ) चिकटवलेली. सीटाइम (मालक, परवानगी असं काहीही बदलल्याची वेळ) टचने मागे नेता येत नाही, तो कर्नल स्वतः 'आत्ता' असा लिहितो. म्हणून स्टॅट करून दोन्ही वेळा शेजारी ठेवा, मग फाइंडमध्ये -सीटाइम -७ देऊन पूर्ण वेबरूट चाळा. एमटाइम जुनी आणि सीटाइम कालची असलेल्या फाइल्स वेगळ्या काढा. चोन -आर किंवा सीएचमॉड -आर मारलंत की हजारो फाइल्सचा सीटाइम एकाच मिनिटाचा होतो आणि हा धागा तुटतो. बॅकअप रिस्टोअर केल्यावरही तेच.

फाइल परत येते म्हणजे ती लिहिणारं काहीतरी शिल्लक आहे. या जागा बघा:

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी). त्या युजरला लॉगिन शेल नसला तरी क्रॉनटॅब लावता येतो. क्रॉन.अलाउ फाइलमध्ये फक्त रूट ठेवलात तर हा दरवाजा बंद होतो.

/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/.एसएसएच. या युजरचं होम तेच असतं, त्यामुळे ऑथोराइज्ड-कीज (पासवर्डशिवाय आत सोडणाऱ्या चाव्यांची फाइल) तिथेच पडते.

/प्रोक मधल्या प्रत्येक प्रोसेसची एक्झी लिंक (चालू असलेल्या प्रोग्रामच्या फाइलकडे बोट). एलएस -एल करून 'डिलीटेड' शोधा. 'मेमएफडी' दिसलं तर फाइल डिस्कवर कधी आलीच नव्हती, थेट मेमरीतून चाललीय. पॅकेज अपडेटनंतर रीस्टार्ट न झालेल्या सेवाही 'डिलीटेड' दाखवतात, त्यामुळे पाथ वाचल्याशिवाय घाबरू नका.

के-वर्कर असं चौकटी कंसातलं नाव असलेली, पण यूआयडी ३३ ची प्रोसेस. खरा कर्नल थ्रेड रूटचा असतो आणि त्याचा पालक पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) २. बाकी सगळे बहुरूपी.

अशी प्रोसेस सापडली की किल -९ मारू नका, किल -स्टॉप द्या. ती गोठते, मेमरी जागेवर राहते. मग /प्रोक/पीआयडी/एक्झी दुसरीकडे कॉपी करा. डिलीट झालेला बायनरीसुद्धा तिथून अख्खा निघतो. एनव्हायरॉन, मॅप्स, एफडी ची यादी घ्या. मारायचं ते त्यानंतर.

आणि /टीएमपी रिकामं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ज्या सेवेला प्रायव्हेट-टीएमपी लावलंय (डेबियनच्या अपाचीला असतं), तिचं टीएमपी प्रत्यक्षात /टीएमपी/सिस्टमडी-प्रायव्हेट-... च्या आत असतं. ते रूटनेच उघडावं लागतं.

केळीचं_पान (रावेर)

क्रॉन, एसएसएच, प्रोक तिन्ही स्वच्छ. नियम टाकले, पण वेब_एक्झेकमध्ये नोंदींचा पूर आलाय. एफपीएममधून एसएच (कमांड चालवणारा शेल) उठतोय, दर दोन-चार मिनिटांनी. हाच तो का? आणि वेब_राइटची एक नोंद कशी वाचायची तेही सांगा. एका घटनेच्या पाच-सहा ओळी येतात.

तापीकाठ (धुळे)

एसएच बघून लगेच धावू नका, आधी त्याची आर्ग्युमेंट्स वाचा. पीएचपीचं मेल फंक्शन सेंडमेल थेट उठवत नाही, शेलमधून उठवतं. 'एसएच -सी /यूएसआर/एसबिन/सेंडमेल -टी -आय' दिसत असेल तर तो पावतीचा ईमेल आहे. थंबनेलसाठी प्लगिन इमेजमॅजिकचं कन्व्हर्ट चालवत असेल तर तेही असंच दिसतं.

हे नियमातूनच वगळून टाकावंसं वाटतं. माझं मत, वगळू नका. सेंडमेल आणि कन्व्हर्ट दोन्ही घुसखोराच्या आवडीची हत्यारं आहेत. इमेजमॅजिकमधलं २०१६ चं सीव्हीई-२०१६-३७१४ आठवा: फोटो चढवायचा आणि कन्व्हर्टकडून कमांड चालवून घ्यायची. नोंद सगळ्याची ठेवा, गाळणी इशाऱ्याच्या पातळीवर लावा. त्याहून बरं म्हणजे मेल एसएमटीपीने पाठवा आणि चित्रांसाठी पीएचपीचं इमॅजिक एक्स्टेन्शन घ्या. मग एफपीएमला शेलची गरजच उरत नाही आणि वेब_एक्झेकमधली प्रत्येक ओळ धोक्याची घंटा होते.

पीएचपीच्या डिसेबल-फंक्शन्समध्ये (बंद ठेवायच्या फंक्शन्सची यादी) एक्झेक, सिस्टम वगैरे टाकलंत तरी ती भिंत समजू नका. पुटएन्व्हने एलडी-प्रीलोड लावून मेल फंक्शन हाक मारलं की स्वतःची .एसओ फाइल (लायब्ररी) चालवता येते, हा जुना डाव आहे. त्यासाठी ती .एसओ आधी कुठेतरी लिहावी लागते. म्हणून /टीएमपी, /व्हार/टीएमपी आणि /डेव्ह/एसएचएम यांवरही यूआयडी ३३ चा पर्म=डब्ल्यूए नियम हवा.

आता नोंद वाचणं. ऑसर्च -के वेब_राइट -आय द्या. एका घटनेच्या सगळ्या ओळींचा क्रमांक एकच असतो, वेळेनंतरच्या कोलनपुढचा. सिसकॉल ओळीत पीआयडी, पीपीआयडी, यूआयडी, एक्झी. सीडब्ल्यूडी ओळीत चालू फोल्डर. पाथ ओळी दोन-तीन; ज्यात नेमटाइप=क्रिएट असेल ती नवीन जन्मलेली फाइल. प्रॉकटायटल -आय शिवाय हेक्समध्ये दिसतं.

आता सिसकॉल कोणता आहे ते बघा. फॉर्ममधून फाइल चढवली की पीएचपी ती आधी /टीएमपी मध्ये 'पीएचपी' आणि पुढे सहा अक्षरं अशा नावाने ठेवतं. मग मूव्ह-अपलोडेड-फाइल तिला रीनेम करून अपलोड्समध्ये आणतं. म्हणजे साधा अपलोड नोंदीत रीनेम म्हणून दिसतो, जुना पाथ /टीएमपी/पीएचपी... असा. घुसखोराने अपलोडचंच भोक वापरलं असेल तरी असंच दिसेल, फक्त नव्या नावाला शेपूट पीएचपीचं. पण रीनेम नाही, थेट ओपनॲट आणि ओ-क्रिएट ('नवीन फाइल बनव') असेल, तर फाइल अपलोड झालेली नाही. आधीच आत चालू असलेल्या कोडने लिहिलीय. पहिल्या प्रकारात अपलोडचं भोक बुजवायचं, दुसऱ्यात आतला कोड शोधायचा. एक खुट्टी आहे: /टीएमपी वेगळ्या फाइलसिस्टमवर असेल तर रीनेम फसतं आणि पीएचपी कॉपी करतं, तेव्हा साधा अपलोडही ओपनॲटसारखाच दिसतो. डीएफ करून आधी खात्री करा.

रिक्वेस्टशी जोडायचं तर एफपीएमच्या पूलमध्ये ॲक्सेस लॉग चालू करा आणि फॉरमॅटमध्ये %पी टाका, त्या रिक्वेस्टचं काम केलेल्या वर्करचा पीआयडी. ऑडिटमधला पीआयडी आणि लॉगमधला पीआयडी जुळवा. वेळ जुळवताना %टी म्हणजे (लहान अक्षर) रिक्वेस्ट आली तेव्हाची आणि मोठं अक्षर म्हणजे संपली तेव्हाची. दोन्ही घ्या, नोंद त्या दोहोंच्या मध्ये पडायला हवी. पीएम.मॅक्स-रिक्वेस्ट्स लहान असेल तर वर्कर मरून पीआयडी पुन्हा वापरात येऊ शकतो, म्हणून नुसत्या पीआयडीवर विसंबू नका.

भुसावळ_जंक्शन

मध्येच विचारते. आमच्याकडे टॉमकॅट ९ (जावाचा वेब सर्व्हर) आहे, तिथे हाच हिशोब चालेल का? जावाची प्रोसेस तर दिवसभर कुठे ना कुठे लिहीतच असते.

सातपुडा_पायथा (चोपडा)

चालेल ताई, पण यूआयडी टॉमकॅटचा घ्या आणि जागा बदला. उबुंटूच्या पॅकेजमध्ये टॉमकॅटच्या युनिटला प्रोटेक्ट-सिस्टम=स्ट्रिक्ट आधीच असतं. लिहायला मोकळ्या जागा मोजक्याच, त्यात वेबॲप्स आहे. जेएसपी शेल (जावाच्या वेबपानात लिहिलेला घुसखोराचा कोड) तिथेच पडतो.

शेल टाकणारा काम झाल्यावर .जेएसपी उडवून जातो, तरी माग राहू शकतो. जेएसपी पहिल्यांदा उघडली की टॉमकॅट तिचं जावात भाषांतर करून वर्क फोल्डरच्या आत, ओआरजी/अपाची/जेएसपी खाली _जेएसपी.जावा आणि _जेएसपी.क्लास ठेवतं. उबुंटूवर वर्क म्हणजे /व्हार/कॅश/टॉमकॅट९ ची लिंक. मूळ फाइल हाताने उडवली तरी या दोन फाइल्स बहुतेकदा तशाच पडून असतात. त्या .जावा मध्ये शेलचा सगळा कोड वाचता येतो. डिप्लॉय झाल्यानंतर आठवड्याने तिथे नवीन _जेएसपी.जावा जन्मली, तर वेबॲप्समध्ये तशी जेएसपी होती का ते विचारायलाच हवं. हे भाषांतर टॉमकॅट स्वतःच्या पोटात करतं, जावासी वेगळं उठत नाही, त्यामुळे एक्झेकच्या नियमात ते दिसणार नाही. फाइलचाच नियम हवा.

मर्यादाही सांगतो. डिसेंबर २०२१ च्या लॉगफोरशेलमध्ये, सीव्हीई-२०२१-४४२२८, बाहेरच्या एलडॅप सर्व्हरवरून क्लास थेट मेमरीत यायचा. मेमरीतच फिल्टर नोंदवून बसणारे शेलही असतात. तिथे फाइलचा पहारा कितीही कडक असो, पहिलं पाऊल दिसत नाही. दिसतं ते दुसरं: जावातून एसएच, कर्ल, डब्ल्यूगेट उठणं, किंवा ईॲक्सेसची रांग.

तापीकाठ (धुळे)

वरच्यात भर. आयओ-युरिंगमधून (कामं रांगेत टाकून कर्नलकडून करून घ्यायची सोय) केलेलं फाइलचं काम नेहमीच्या सिसकॉलच्या वाटेने जात नाही, त्यामुळे सिसकॉल मोजणारी हत्यारं तिथे चुकतात. ऑडिटला आयओ-युरिंगचा वेगळा नियम कर्नल ५.१६ पासून आहे. २२.०४ च्या मूळ ५.१५ मध्ये नाही. ६.६ किंवा पुढचा कर्नल असेल तर कर्नल.आयओ-युरिंग-डिसेबल्ड=२ करून ते बंदच करा. पीएचपी साइटला त्याची गरज नसते.

आयनोटिफायवरची हत्यारं सुचवायला कुणी येईल त्याआधीच सांगतो: आयनोटिफाय फाइल बदलली एवढंच सांगतं, पीआयडी सांगत नाही. फॅनोटिफाय सांगतं. वाझू (सुरक्षेवर पहारा ठेवणारं साधन) वापरत असाल तर त्याची फाइल-तपासणी मूळ सेटिंगवर ४३२०० सेकंदांनी, म्हणजे १२ तासांनी होते. रिअलटाइम केलंत तरी 'कुणी' कळत नाही. त्यासाठी हू-डेटा चालू करा.

केळीचं_पान (रावेर)

आज पहाटे फाइल परत आली आणि या वेळी पकडली. सिसकॉल ओपनॲट, नेमटाइप=क्रिएट, एक्झी पीएचपी-एफपीएम८.१, यूआयडी ३३. त्या पीआयडीची रीनेमची नोंद नाही, /टीएमपी त्याच फाइलसिस्टमवर आहे. एफपीएमच्या लॉगमध्ये जुळणारी रिक्वेस्ट मात्र साधी मुख्य पानाची, गेट, पॅरामीटर नाहीत. इंडेक्स.पीएचपी मूळ वर्डप्रेसशी ताडून पाहिली, एका अक्षराचा फरक नाही. मग लिहिलं कुणी?

सातपुडा_पायथा (चोपडा)

वेबरूटमध्ये एलएस -ला करा. .युजर.आयएनआय (त्या फोल्डरपुरतं पीएचपीचं सेटिंग) दिसतेय का? तिच्यात ऑटो-प्रीपेंड-फाइल बघा.

केळीचं_पान (रावेर)

काय भो! आहे. एकच ओळ, अपलोड्समधल्या एका जेपीजीकडे बोट. जेपीजी उघडायला गेलो तर चित्र नाही, पीएचपी. एआयडीईमधून ठिपक्याच्या फाइल्स मीच वगळल्या होत्या.

सातपुडा_पायथा (चोपडा)

म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला आधी ती जेपीजी चालतेय, मग तुमची साइट. फाइल गायब दिसली की ती परत लिहिते.

काढताना क्रम पाळा. जेपीजी आधी काढलीत तर प्रीपेंडची फाइल सापडत नाही आणि प्रत्येक पान फेटल एररने पडतं. आधी दोन्हीची प्रत, स्टॅटचं आउटपुट आणि एसएचए-२५६ दुसऱ्या मशीनवर ठेवा. मग .युजर.आयएनआय हलवा. मग एफपीएम रीस्टार्ट करा, कारण ही फाइल पीएचपी ३०० सेकंद कॅशमध्ये धरतं आणि तेवढ्या वेळात जुनं सेटिंग चालूच राहतं. जेपीजी आणि ती पीएचपी सगळ्यात शेवटी. पुढे पीएचपी.आयएनआयमध्ये युजर-आयएनआय.फाइलनेम रिकामं ठेवा, म्हणजे ही सोयच बंद.

एनजिनएक्समध्ये अपलोड्ससाठी ^~ वाला लोकेशन ब्लॉक टाका. रेजेक्सवाला (नमुना जुळवणारा) टाकलात आणि तो पीएचपीच्या ब्लॉकच्या खाली राहिला तर त्याचा नंबरच लागत नाही, पहिला जुळलेला रेजेक्स जिंकतो. मात्र आजच्या प्रकाराला हा ब्लॉक अडवत नाही. जेपीजी ब्राउझरने मागितलेली नव्हती, पीएचपीने आतून ओढली होती.

खरा अडसर एफपीएमच्या युनिटमध्ये: प्रोटेक्ट-सिस्टम=स्ट्रिक्ट, आणि रीड-राइट-पाथ्समध्ये फक्त अपलोड्स, /टीएमपी, /व्हार/लिब/पीएचपी/सेशन्स, /रन/पीएचपी आणि लॉगची जागा. त्यानंतर वेबरूटमध्ये .युजर.आयएनआय लिहायचा प्रयत्न ईआरओएफएसने ('इथे फक्त वाचता येतं') आपटेल. तेव्हा नकाराच्या नियमात ईॲक्सेससोबत -ईआरओएफएस चाही एक घाला, नाहीतर दार बंद आहे पण कुणी ठोठावलं ते कळणार नाही. वर्डप्रेसचं आपोआप अपडेट यामुळे बंद पडतं. ते रूटच्या क्रॉनमधून वेगळ्या युजरने करा.

भुसावळ_जंक्शन

एक कागदी बाजू. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. सेवा देणारे, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी संस्था सगळे त्यात येतात. व्यापाऱ्याची फर्म कशी नोंदलेली आहे ते त्याच्या सीएला आजच विचारा, ६ तासांचं घड्याळ पहाटेपासून चालू आहे.

अर्धा जीबीच्या ऑडिट लॉगमध्ये १८० दिवस बसणार नाहीत. आरसिसलॉगने (लॉग पाठवणारी सेवा) टीसीपीवर दुसऱ्या मशीनला पाठवा. ते मशीन ऑफिसमध्ये ठेवणार असाल तर पाठवणाऱ्या बाजूला डिस्कवरची रांग चालू करा. दुपारी दोन तास लाइट गेली तरी ओळी थांबून राहतील, हरवणार नाहीत.

तापीकाठ (धुळे)

आणि नियमांच्या फाइलची शेवटची ओळ -ई २ करा. मग रीबूटशिवाय रूटलाही नियम काढता येत नाहीत. सगळं जुळल्यावरच हं, नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला सर्व्हर रीबूट करत बसाल.